चित्रातील परदेशी पाहुणे

सुमारे चारशे वर्षांपूर्वीच्या एका मोगल चित्रात टर्की पक्षी आहे. टर्की मूळचा अमेरिकेतला. कोठे अमेरिका आणि कोठे मोगल दरबार! चित्रकाराची काहीतरी चूक झाली असावी, असे आपण चटकन म्हणू. पण जरा थांबा.

जहांगीर बादशहाला पशुपक्ष्यांची फार आवड होती. दुर्मीळ वस्तू आणण्यासाठी त्याने मुकर्रबखान या सरदाराला गोव्याला पाठवले. गोवा तेव्हा पोर्तुगिजांच्या ताब्यात होते. त्यांची जहाजे दूरदूरच्या देशांतून येत. सन १६१२ मध्ये खान काही अनोळखी प्राणी घेऊन परतला. त्यांत हा पक्षी होता. त्याच्या डोक्याचा व मानेचा रंग घडीत लाल, घडीत पांढरा, तर घडीत निळसर होई. बादशहाने आपल्या फारसी आत्मचरित्रात त्याचे वर्णन लिहिले. उस्ताद मन्सूरने त्याचे चित्र काढले.

सन १६२१ मध्ये दरबारात झेब्रा आला. त्याचे पट्टे कोणीतरी रंगवले असावेत, असे काहींना वाटले. जनावर नीट तपासले, तेव्हा पट्टे जन्मजात असल्याची खात्री पटली. मन्सूरने त्याचेही चित्र काढले. हे जनावर हबश देशातून, म्हणजे इथिओपियातून आणले, असे जहांगीरने त्यावर स्वतः लिहून ठेवले. आज ही दोन्ही चित्रे लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात आहेत.

प्रत्येक वेळी असेच घडते असे नाही. शेक्सपिअरच्या ‘द विंटर्स टेल’ या नाटकात जहाज बोहेमियाच्या किनाऱ्याला लागते. बोहेमिया हा आजच्या चेक प्रजासत्ताकाचा भाग. तेथे समुद्रच नाही! नाटकातील तो किनारा कल्पनेतला. मन्सूरचा झेब्रा मात्र डोळ्यांनी पाहिलेला.

मग खरे-खोटे कसे ओळखावे? नकाशा पाहावा. त्या काळचे लेखन वाचावे. वस्तू कोणत्या वाटेने आली असेल, याचा शोध घ्यावा. न तपासता ‘चूक’ म्हटले, तर सातासमुद्रांपलीकडून आलेल्या पाहुण्याची खरी हकिकत आपल्याला कधीच कळणार नाही.

शब्दार्थ : दुर्मीळ – सहज न मिळणारे. जन्मजात – जन्मापासून असलेले. हकिकत – घडलेली गोष्ट.

स्वाध्याय
१. टर्की पक्षी मोगल दरबारात कसा पोहोचला?
२. झेब्रा पाहून काही लोकांना कोणती शंका आली?
३. मन्सूरचा झेब्रा आणि नाटकातील किनारा यांत काय फरक आहे?