घटका खरेच भरते काय?

कुणाचा काळ जवळ आला की आपण 'घटका भरली' म्हणतो. या बोलाचे मूळ घटिकापात्रात आहे, असे सांगतात. तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी घंगाळातल्या पाण्यावर सोडायची. ती बुडाली की एक घटका, म्हणजे 24 मिनिटे झाली. दिवसरात्र मिळून अशा 60 घटका. मूळ पटण्यासारखे आहे. पण आम्हा बँकेतल्या माणसांना हिशेब जुळल्याशिवाय चैन पडत नाही!

विद्यार्थी मित्रांनी स्टीलची उभ्या कडांची वाटी घेऊन हा प्रयोग करावा. छिद्र मोठ्या माणसाकडून पाडून घ्यावे. वाटी तरंगते ती आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारून. त्यामुळे बाहेरची पातळी आतल्यापेक्षा वर राहते. हा फरक 1 सेंटिमीटर धरू. तो जवळजवळ कायम राहतो, म्हणून पाणी सारख्याच वेगाने आत येते. वेळ मोजता येते ती यामुळेच. आता गंमत पाहा. बाहेरचे पाणी काठाला टेकते, तेव्हा वाटी आतून 1 सेंटिमीटर रिकामीच असते. मग काठावरून पाणी घुसते आणि वाटी क्षणात तळाला जाते. गळकी होडीही शेवटी अशीच जाते. तेव्हा घटका आधी बुडते, मग भरते.

याच पात्रावर भास्कराचार्यांच्या (जन्म 1114) कन्येची कथा उभी आहे. विवाहाची घटिका मोजताना लीलावतीच्या अंगावरचा मोती पात्रात पडला, छिद्र बुजले, मुहूर्त टळला आणि ती जन्मभर अविवाहित राहिली. 'लीलावती' ग्रंथ 1150 चा. ही कथा मात्र फैजीच्या 1587 च्या फारसी भाषांतरात येते.

मोती छिद्र बुजवील काय? छिद्र 1 मिलिमीटरचे धरले, तर आत येणारी धार फार तर 16 मिलिग्रॅम वजन उचलील. 3 मिलिमीटरच्या मोत्याचे पाण्यातले वजन सुमारे 24 मिलिग्रॅम, म्हणजे तो बसेल. गोल तळ असेल तर घरंगळत बरोबर छिद्रावरच येईल. मोहरीएवढा मोती मात्र धार उडवून लावील. म्हणजे कथा अशक्य नाही. पण शक्य आहे म्हणून ती घडली, असेही नाही.

शिवाय पाणी थांबले की वाटी खाली जाणे थांबते. ते घंगाळाशेजारी बसलेल्या माणसाला दिसायला हवे. एका मुलीचे सारे आयुष्य ज्या वाटीवर टांगले होते, तिच्यात डोकावायला कथेतल्या मंडळींना फार उशीर होतो.