बातमी होईल असे प्रसिद्धिपत्रक

जिल्ह्याच्या ठिकाणी निघणाऱ्या वृत्तपत्राच्या कचेरीत रोज निरनिराळ्या कार्यालयांची, शाळांची, संस्थांची व ग्रामपंचायतींची प्रसिद्धिपत्रके येऊन पडतात. ती चाळणाऱ्या उपसंपादकाला एकेका पत्रकासाठी फार वेळ देता येत नाही. पहिल्या दोन-तीन ओळींत काही हाती लागले तर तो पुढे वाचतो. न लागल्यास पत्रक बाजूला पडते. "आम्ही पाठविले होते, त्यांनी छापले नाही," ही तक्रार पुष्कळदा ऐकू येते. मात्र त्या पहिल्या ओळींत काय होते, हे पाहण्याचे कष्ट क्वचितच घेतले जातात.

बहुधा त्या ओळींत पाहुण्यांची नावे असतात. सभेचे अध्यक्षस्थान कोणी भूषविले, दीपप्रज्वलन कोणाच्या शुभहस्ते झाले, प्रास्ताविक कोणी केले, आभार कोणी मानले, हा सारा तपशील आधी येतो आणि सभा कशासाठी होती ते शेवटी कळते. सभावृत्तांत आणि प्रसिद्धिपत्रक या दोन भिन्न वस्तू आहेत. वृत्तांत घडले त्या क्रमाने लिहावयाचा असतो, कारण तो दप्तरासाठी असतो. प्रसिद्धिपत्रक वाचकासाठी असते; त्यात वाचकाला सर्वांत अधिक गरजेचे ते सर्वांत आधी आले पाहिजे.

उदाहरणादाखल एक प्रसंग घेऊ. एका गावातील सार्वजनिक विहिरीच्या पाण्याचा नमुना तपासणीत पिण्यास अयोग्य ठरला आहे. ग्रामपंचायतीने सभा घेऊन पर्यायी व्यवस्था केली. त्यावर निघालेले पत्रक असे सुरू होते : "ग्रामपंचायत कार्यालयात सरपंचांच्या अध्यक्षतेखाली व मान्यवरांच्या उपस्थितीत गावाच्या पाणीपुरवठ्याबाबत सविस्तर चर्चा होऊन योग्य ते निर्णय एकमताने घेण्यात आले." या वाक्यात खोटे काही नाही, पण उपयोगाचेही काही नाही. ते वाचून त्या वस्तीतील गृहिणी दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच विहिरीवर घागर घेऊन जाईल.

तेच पत्रक असेही लिहिता आले असते : "पूर्वेकडील वस्तीतील सार्वजनिक विहिरीचे पाणी पिण्यास अयोग्य असल्याचे तपासणीत आढळले असून पुढील सूचना मिळेपर्यंत ते पिऊ नये, असे ग्रामपंचायतीने मंगळवारी कळविले आहे. या वस्तीसाठी बुधवारपासून रोज सकाळी ७ ते ९ या वेळेत शाळेजवळ टँकरने पाणी देण्यात येईल." यात काय, कोठे, केव्हा आणि कोणी, ही उत्तरे पहिल्या दोन वाक्यांतच मिळतात. नमुना कोणत्या तारखेला घेतला, दोष कशामुळे उद्भवला, विहिरीत टीसीएल पावडर कधी टाकली जाणार, फेरतपासणी केव्हा होणार, हा तपशील त्यानंतर महत्त्वाच्या उतरत्या क्रमाने द्यावा. सभेत कोण उपस्थित होते ते अगदी शेवटी. या रचनेमागे व्यवहार आहे. वृत्तपत्रात जागा अपुरी पडली की मजकूर बहुधा खालून कापला जातो. तो कापला गेला तरी वस्तीला पाण्याची सूचना मिळालीच पाहिजे.

अशी अप्रिय बातमी ग्रामपंचायतीने आपण होऊन का द्यावी, असा प्रश्न येथे उभा राहतो. आपल्या कारभारातील उणीव आपणच वेशीवर का टांगावी, ही भावना स्वाभाविक आहे. याबाबत अमेरिकेतील एक घटना पाहण्यासारखी आहे. २८ ऑक्टोबर १९०६ रोजी अटलांटिक सिटी येथे पुलावरून रेल्वेगाडी पाण्यात कोसळून पन्नासहून अधिक प्रवासी मरण पावले. त्या काळी रेल्वे कंपन्या अपघाताची माहिती दडवून ठेवीत. मात्र पेनसिल्व्हानिया रेल्वेचे सल्लागार असलेले माजी पत्रकार आयव्ही ली यांनी कंपनीच्या वतीने निवेदन काढून अपघाताची माहिती वृत्तपत्रांना दिली. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ते जसेच्या तसे छापले. आधुनिक प्रसिद्धिपत्रकाचा आरंभ पुष्कळ जण या निवेदनापासून मानतात. त्याच वर्षी ली यांनी आपली तत्त्वे जाहीर केली. माहिती तत्परतेने व अचूक द्यावी आणि तिची पडताळणी करू इच्छिणाऱ्या संपादकाला साहाय्य करावे, हा त्यांचा आशय होता. पुढील आयुष्यात ली यांच्यावर टीकाही पुष्कळ झाली; पण माहिती दडविली की तिची जागा अफवा घेते, ही त्यांची जाण खरी होती. विहिरीची बातमी पत्रकाने दिली नाही, तर ती चहाच्या टपरीवरून, दुप्पट होऊन बाहेर पडते. शिवाय माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार सार्वजनिक प्राधिकरणांनी पुष्कळशी माहिती कोणी मागण्याची वाट न पाहता प्रसिद्ध करावयाची असते.

शाळांच्या पत्रकांतही हाच दोष आढळतो. स्नेहसंमेलन 'मोठ्या उत्साहात संपन्न झाले' ही बातमी दरवर्षी, दर शाळेतून येते. याउलट, वाडीवरून एस.टी.ची फेरी सुरू झाल्यापासून सातवीनंतर घरी बसणाऱ्या मुली आठवीत येऊ लागल्या असतील, तर ती बातमी आहे. गेल्या वर्षी किती मुली होत्या, यंदा किती आहेत, एवढे दोन आकडे हजेरीपटावरून नीट तपासून दिले की विशेषणांची गरज उरत नाही. 'अभूतपूर्व', 'भव्यदिव्य' हे शब्द उपसंपादकाच्या लेखणीखाली सर्वांत आधी जातात आणि ते योग्यच आहे.

पत्रक शक्यतो एका पानाचे असावे. 'आज', 'उद्या' असे न लिहिता वार व तारीख द्यावी, कारण मजकूर कोणत्या दिवशी छापला जाईल ते लिहिणाऱ्याच्या हाती नसते. खाली जबाबदार व्यक्तीचे नाव, हुद्दा व दूरध्वनी क्रमांक असावा आणि तो दूरध्वनी उचलला जावा. हल्ली लेटरहेडवरील पत्राचे छायाचित्र मोबाइलवरून पाठविण्याची रीत पडली आहे. त्यामुळे सगळा मजकूर पुन्हा टंकित करावा लागतो आणि नावे व आकडे चुकतात. मजकूर युनिकोडमध्ये वेगळा पाठवावा. छायाचित्रातील व्यक्तींची नावे डावीकडून क्रमाने द्यावीत. आकाशवाणीसाठी मजकूर द्यावयाचा असल्यास वाक्ये आणखी लहान हवीत. श्रोत्याला मागची ओळ पुन्हा ऐकता येत नाही.

वेळेचे भान हेही महत्त्वाचे. कार्यक्रमानंतर तिसऱ्या दिवशी आलेले पत्रक उत्तम असले तरी शिळे असते. तालुक्याच्या वार्ताहराकडून अंकाची वेळ विचारून घ्यावी. छापण्यासाठी दडपण मात्र आणू नये. जागा हमखास हवी असल्यास जाहिरातीचा मार्ग मोकळा आहे. पत्रकात चूक गेल्याचे ध्यानात येताच दुरुस्ती त्याच दिवशी कळवावी.

पुष्कळदा राहून जाते ते दुसरे पत्रक. विहिरीचे पाणी फेरतपासणीत योग्य ठरले, टँकर बंद झाला, तरी ते कोणी कळवीत नाही. काही घरे महिनोन्‌महिने दूरवरून पाणी वाहत राहतात, तर काही जण मनाई उठली असावी असे समजून आधीच पिऊ लागतात. म्हणून पहिले पत्रक पाठवितानाच फेरतपासणीची तारीख दप्तरी नोंदवावी आणि निष्कर्ष हाती येताच, तो अनुकूल असो वा प्रतिकूल, दुसरे पत्रक त्याच वार्ताहरांकडे पाठवावे.