बिडी सुटते, पण सुटलेली राहत नाही

गेल्या आठवड्यात थंडी आणि दमा या विषयावर लिहिले होते. निफाड तालुक्याची थंडी साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्यामुळे या दिवसांत सायखेड्यातील आमच्या दवाखान्यात खोकल्याचेच रुग्ण अधिक. त्या लेखात 'धूम्रपान कायमचे बंद करावे' असे एक वाक्य होते. त्यावर एका वाचकाने निरोप धाडला, "डॉक्टरसाहेब, बंद करावे हे आम्हालाही समजते. कायमचे कसे करावे ते लिहा." प्रश्न अगदी योग्य आहे, म्हणून आजचा लेख त्यावरच.

पहिली गोष्ट ही की, बिडी-सिगारेट सोडणारे आपल्याकडे कमी नाहीत. श्रावणात बिडीला हात न लावणारे कितीतरी जण माझ्या माहितीचे आहेत. महिनाभर नेम पाळतात आणि पोळा झाला की दुसऱ्या दिवशी टपरीवर हजर! त्यांना वाटते, आपण फक्त महिनाभर देवासाठी सोडली होती. वैद्यकीय दृष्टीने पाहिले तर या माणसाने सर्वांत कठीण काम करून टाकलेले असते. तंबाखू तोडल्यावर शरीराला होणारा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वाधिक असतो आणि साधारण दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. म्हणजे श्रावण संपेपर्यंत शरीराची मागणी बरीचशी थंडावलेली असते. पोळ्यानंतर जी बिडी पेटते ती शरीराच्या मागणीमुळे कमी आणि सवयीमुळे, सोबतीमुळे अधिक. सोडण्याचे तंत्र आणि सुटलेली टिकवण्याचे तंत्र अशी ही दोन वेगळी कामे आहेत.

थोडे शास्त्र समजून घेऊ. तंबाखूतील निकोटिन हे द्रव्य झुरका घेतल्यापासून दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोहोचते. तिथे ते डोपामिन नावाचे रसायन सोडवते आणि क्षणभर बरे वाटते. निकोटिनचे रक्तातील प्रमाण सुमारे दोन तासांत निम्म्यावर येते आणि मेंदू पुन्हा मागणी करू लागतो. हीच तलफ. रात्रभराच्या झोपेत निकोटिन बरेच उतरलेले असते, म्हणून सकाळची पहिली बिडी सर्वांत 'गोड' लागते. बिडीने टेन्शन कमी होते असे सगळेच सांगतात. वास्तविक मागच्या बिडीचा अंमल उतरल्याने जी अस्वस्थता येते, तीच पुढची बिडी शमवत असते. सावकाराचे व्याज भरण्यासाठी त्याच सावकाराकडून पुन्हा कर्ज काढावे, तसा हा व्यवहार आहे.

आपले व्यसन किती मुरलेले आहे हे पाहण्याची सोपी खूण आहे. झोपेतून उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली बिडी लागत असेल तर अंमल जास्त समजावा. अशा माणसाने नुसत्या निश्चयावर विसंबू नये, औषधाची मदत घ्यावी. त्याविषयी पुढे लिहितो.

'सिगारेट वाईट, बिडी आपली साधी' हा समज आपल्या भागात फार आहे. शेजारच्या सिन्नरमध्ये बिड्या वळण्यावर कित्येक घरांच्या चुली पेटल्या, त्यामुळे बिडीबद्दल थोडी आपुलकीही आहे. बिडीत तंबाखू सिगारेटच्या साधारण चौथाई असते हे खरे. पण टेंभुर्णीच्या पानातून हवा खेळत नाही. बिडी विझू नये म्हणून झुरके वारंवार आणि जोरात ओढावे लागतात, आणि धूर फुप्फुसात खोलवर जातो. १९५५ साली मुंबईच्या टाटा रुग्णालयातील डॉ. संघवी, डॉ. राव आणि डॉ. खानोलकर यांनी धूम्रपान, तंबाखू चघळणे आणि तोंड, घसा, अन्ननलिका यांचे कर्करोग यांचा संबंध ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडला. ही गोष्ट आपल्याच लोकांनी आपल्याच रुग्णांवरून दाखवून दिली, हे मुद्दाम सांगावेसे वाटते. पुढे २००८ मध्ये भारतभरातील मृत्यूंचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बिडी ओढणाऱ्या पुरुषाचे आयुष्य सरासरी सहा वर्षांनी आणि सिगारेट ओढणाऱ्याचे दहा वर्षांनी घटते असे दिसले. यातले मृत्यू केवळ कर्करोगाचे नव्हेत. क्षय, दमा आणि हृदयविकार यांचा वाटाही मोठा आहे.

"आता साठी आली, आता सोडून काय उपयोग?" असे म्हणणाऱ्या आबा-नानांसाठी एक माहिती. ब्रिटनमध्ये १९५१ पासून ३४ हजारांवर पुरुष डॉक्टरांच्या सवयींची नोंद ठेवली गेली आणि पन्नास वर्षांचा हिशेब २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. तिशीत सोडणाऱ्याला जवळजवळ सगळी गमावलेली दहा वर्षे परत मिळाली. चाळिशीत सोडणाऱ्याला नऊ, पन्नाशीत सहा आणि साठीत सोडणाऱ्यालाही तीन वर्षे मिळाली. तीन वर्षे म्हणजे नातवाची दहावी पाहणे किंवा न पाहणे. हृदयाचा झटका येऊन गेलेल्याने बिडी सोडली तर पुढील मृत्यूचा धोका सुमारे एक तृतीयांशाने कमी होतो. एवढा फायदा देणाऱ्या गोळ्या फार थोड्या आहेत. फुप्फुसाची गेलेली ताकद मात्र फारशी परत येत नाही, घसरण्याचा वेग मंदावतो. तेव्हा धाप लागू लागल्यावर सोडू, असे म्हणणाऱ्याचे नुकसान आधीच झालेले असते.

आता कसे सोडायचे? 'दिवसाला वीस ओढतो, त्याच्या पंधरा करीन, मग दहा' असा बेत बहुतेक जण सांगतात. माझा अनुभव असा की आकडा पाच-सहावर येऊन अडतो, आणि उरलेल्या बिड्या इतक्या खोल ओढल्या जातात की वीसची भरपाई होते. २०१६ साली इंग्लंडमध्ये सुमारे सातशे माणसांवर हीच गोष्ट तपासली गेली. औषध आणि समुपदेशन दोन्ही गटांना होते. ठरल्या दिवशी एकदम बंद करणाऱ्यांपैकी ४९ टक्के चार आठवड्यांनंतर टिकून होते, दोन आठवडे हळूहळू कमी करून सोडणाऱ्यांपैकी ३९ टक्के. म्हणून दिवस ठरवावा आणि त्या दिवशी एकदम बंद करावे. दिवस निवडताना कामाचा हंगाम पाहावा. द्राक्षाची छाटणी चालू आहे, मजूर मिळत नाहीत, कांद्याचा भाव पडला आहे, अशा आठवड्यात मुहूर्त धरू नये. पण 'सगळे शांत झाल्यावर पाहू' असेही म्हणू नये, कारण शेतकऱ्याच्या घरी सगळे शांत कधीच होत नाही. पंधरा दिवसांच्या आतला एक दिवस धरावा. आदल्या रात्री घरातले बंडल, काडेपेटी, सदऱ्याच्या खिशातली थोटके, ट्रॅक्टरच्या पेटीतला राखीव साठा, सगळे काढून टाकावे.

याच अभ्यासातला पुढचा आकडाही सांगायला हवा. सहा महिन्यांनंतर एकदम सोडणाऱ्यांपैकी टिकलेले २२ टक्केच होते. कोणत्याही मदतीशिवाय सोडणाऱ्यांत तर हे प्रमाण शंभरात तीन ते पाच इतकेच असते. म्हणजे एकदा-दोनदा फसलेला माणूस नालायक नसतो. बहुतेकांची कायमची सुटते ती अनेक प्रयत्नांनंतर. मागच्या वेळी कुठे घसरलो, कुणाबरोबर, किती वाजता, हे ज्याला आठवते त्याची पुढची तयारी चांगली होते. मी रुग्णाला हेच आधी विचारतो.

पहिल्या महिन्यात काय होते, हे माहीत नसल्याने पुष्कळ जण परत फिरतात. चिडचिड होते, झोप लागत नाही, भूक वाढते. सर्वांत मोठी अडचण, जी लोक मला केबिनचे दार लावून सांगतात, ती म्हणजे पोट साफ होत नाही. 'बिडीशिवाय होतच नाही' ही निव्वळ समजूत नाही. निकोटिन आतड्याला चालना देते आणि ते बंद झाल्यावर काही आठवडे बद्धकोष्ठ होऊ शकते. सकाळी दोन पेले कोमट पाणी, रात्री पपई किंवा इसबगोल, आणि तेवढ्याच ठरल्या वेळी जाऊन बसणे, याने दोन-तीन आठवड्यांत घडी बसते. तोंड येणेही होऊ शकते, घाबरू नये. कफ काही दिवस वाढल्यासारखा वाटतो, कारण श्वासनलिका पुन्हा साफसफाईला लागलेली असते. 'बिडी सोडली आणि खोकला वाढला' म्हणून पुन्हा सुरू करणारे महाभाग मी पाहिले आहेत. पण खोकला दोन आठवडे किंवा त्याहून जास्त टिकला, वजन घटले किंवा रक्त पडले तर थुंकी तपासून घेतलीच पाहिजे. वर्षभरात चार-पाच किलो वजन वाढणे सामान्य आहे. ते पुढे उतरवता येते.

चहाचा हिशेब फार थोड्यांना माहीत असतो. धुरातील द्रव्यांमुळे यकृत चहातले कॅफिन झपाट्याने निकाली काढते. धूर बंद झाला की तेच कॅफिन रक्तात जास्त वेळ राहते. त्यामुळे पूर्वीइतकाच चहा प्यायल्यावर छातीत धडधड होते, हात थरथरतात, झोप उडते, आणि माणसाला वाटते की बिडी सोडल्याने हे झाले. तेव्हा बिडी सोडताना चहाही निम्मा करावा. दम्यासाठी थिओफिलिन या जातीच्या गोळ्या चालू असतील तर त्यांचेही असेच होते, डोस कमी करावा लागतो. अशा रुग्णांनी व इन्सुलिन घेणाऱ्यांनी सोडण्याआधी आपल्या डॉक्टरांना सांगावे.

औषधांत निकोटिनचे च्युइंगगम सर्वांत सहज मिळते. ते तंबाखूसारखेच वाईट, असा गैरसमज आहे. कर्करोग करणारी द्रव्ये धुरात आणि तंबाखूत असतात. गमातून केवळ निकोटिन थोडे थोडे मिळते आणि तलफ सौम्य होते. मात्र ते सुपारीसारखे चघळायचे नसते. हळूहळू चावावे, तोंडात चुरचुरले की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवून द्यावे, चुरचुर थांबली की पुन्हा चावावे. असे अर्धा तास. आधी पंधरा मिनिटे आणि गम तोंडात असताना चहा-कॉफी घेऊ नये, नाहीतर निकोटिन शोषले जात नाही. भराभर चावून रस गिळला तर उचकी लागते, मळमळते, आणि 'हे मला सोसत नाही' म्हणून दुसऱ्याच दिवशी पुडा फेकला जातो. सुरुवातीला दर एक-दोन तासांनी एक घेऊन दोन-तीन महिन्यांत बंद करत आणावे. ज्यांचा अंमल जास्त आहे त्यांना ४ मिलिग्रॅमचे गम किंवा बुप्रोपिऑन, व्हॅरेनिक्लिन या गोळ्या डॉक्टर देऊ शकतात. गोळ्या ठरल्या दिवसाच्या आठवडा-दोन आठवडे आधी सुरू करतात. फिट येणाऱ्यांना बुप्रोपिऑन चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत निकोटिन पर्याय आणि या दोन्ही गोळ्यांची शिफारस केली आहे. ई-सिगारेटवर मात्र आपल्या देशात २०१९ पासून बंदी आहे. पुतण्याने शहरातून आणली तरी त्या वाटेला जाऊ नये.

महिना उलटला की खरा धोका सुरू होतो, आणि त्याचे नाव भीड. आपल्याकडे बिडी पुढे करणे हा पाहुणचार आहे. लग्नाच्या मांडवात, दहाव्याला नदीकाठी, बाजारात भाव ठरल्यावर, कुणीतरी म्हणतेच, "घ्या ओ, एकाने काय होते?" एकाने होते. निकोटिनची सवय झालेल्या मेंदूतील जागा पूर्ववत व्हायला दोन-तीन महिनेही लागू शकतात, आणि जुनी आठवण त्यानंतरही राहते. 'नको' एवढेच म्हटले तर आग्रह वाढतो. उत्तर आधीच तयार ठेवावे. "डॉक्टरांनी बंद केली, छातीत दोष निघाला" असे खुशाल माझ्यावर ढकलावे, माझी हरकत नाही. तलफेची लाट काही मिनिटांचीच असते. तेवढा वेळ उठून चालावे, पाणी प्यावे, बडीशेप चघळावी. दारूच्या बैठकीत मात्र कोणतीही युक्ती चालत नाही, म्हणून पहिले तीन महिने तिथे जाऊच नये. सुटी बिडी-सिगारेट विकण्यास महाराष्ट्रात २०२० मध्ये बंदी झाली. तरीही कुठे एखादी सुटी मिळालीच, तर घसरायला तीच पुरते.

आणि चुकून एक ओढलीच गेली तर 'आता मोडलाच नेम' म्हणून बंडल आणू नये. नेमधर्माच्या विचाराने आपण फार फसतो. उपवास मोडला की दिवस संपला असे वाटते, इथे तसे नाही. त्या एका बिडीनंतरची दुसरी टाळली तर महिन्याची कमाई बहुतांशी शाबूत राहते.

बिडीऐवजी तंबाखूची डबी किंवा गुटखा धरणारेही आहेत. ही सुटका नव्हे, केवळ धुराची जागा तोंडाने घेतली. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी पुड्यांचा कचरा कुठे दिसतो ते मी सांगायला नको. श्री. शरद पवार यांना २००४ मध्ये तोंडाच्या कर्करोगाला तोंड द्यावे लागले आणि आपल्या सवयीबद्दल ते जाहीरपणे बोलले आहेत. गम आणि समुपदेशन चघळणाऱ्यांनाही उपयोगी पडते.

बोलायला कुणी नसेल तर केंद्र सरकारची मोफत दूरध्वनी सेवा आहे, क्रमांक १८००-११-२३५६. हाच क्रमांक सिगारेटच्या पाकिटावरही छापलेला असतो, पण तिकडे पाहतो कोण! घरच्यांना एक विनंती. पहिले पंधरा दिवस माणूस चिडेल, त्याला तोडून बोलू नये आणि खिसेही तपासू नयेत. बिडीचे रोजचे पैसे एका डब्यात टाकून महिन्याने त्याच्यासमोर मोजावेत.

घरातील बायकांच्या मशेरीविषयी या लेखात जागा उरली नाही. ते व्यसन अधिक झाकलेले आहे आणि त्याची सोडवणूकही थोडी वेगळी आहे. पुढील आठवड्यात त्यावर लिहीन.