माशासाठी घेतलेली जमीन


कोणी घरासाठी जमीन घेतो, कोणी शेतीसाठी. पण माशासाठी कोणी जमीन घेतो का? हो, घेतात! त्याचीच माहिती मी देत आहे.

अमेरिकेत कॅलिफोर्निया नावाचे राज्य आहे. त्याच्या उत्तर टोकाला स्मिथ नदी वाहते. मिल क्रीक हा ओढा तिला मिळतो. या ओढ्यात कोहो जातीचा सॅल्मन मासा येतो.

हा मासा ओढ्यात जन्मतो. साधारण वर्षभर तिथे राहून समुद्रात जातो. तिसऱ्या वर्षी अंडी घालायला पुन्हा ओढ्यात येतो. आपल्याकडे पहिल्या पावसात मासे चढणीला लागतात ना, तसाच तो प्रवाहाच्या उलट चढतो. मादी शेपटीने बारीक गोट्यांत खळगा करते, त्यात अंडी घालते आणि वर गोटे लोटते. मग नर-मादी दोघेही मरून जातात. म्हणजे पुढची सगळी पिढी त्या गोट्यांखाली असते.

आता काठाचे काम बघा. तिथे रेडवूडची झाडे आहेत. ही जगातली सर्वांत उंच झाडे. त्यांच्या सावलीने पाणी गार राहते. पडलेल्या ओंडक्यांमुळे डोह होतात, त्यात पिल्ले लपतात. पण झाडे तोडली आणि लाकूड न्यायला डोंगरात रस्ते काढले, की पावसात माती ओढ्यात येते. गाळ गोट्यांच्या फटीत बसतो. अंड्यांना प्राणवायू मिळत नाही आणि ती मरतात.

मिल क्रीकच्या रानात पुष्कळ वर्षे तोड चालली. १९९७ साली त्या भागातील कोहो मासा धोक्यात आलेल्या जातींच्या सरकारी यादीत गेला. २००२ साली 'सेव्ह द रेडवूड्स लीग' या संस्थेने पुढाकार घेतला. लाकूड कंपनीकडून सुमारे २५,००० एकर जमीन ६ कोटी डॉलरला घेतली गेली. ती डेल नॉर्ट कोस्ट रेडवूड्स या सरकारी उद्यानाला जोडली. उद्यान एकदम मोठे झाले!

पण जमीन घेऊन काम संपले नाही. मग जुने रस्ते उखडून डोंगराचे उतार नीट केले. ओढ्यात मुद्दाम ओंडके टाकले. तोडायला थोडा वेळ लागतो, पण रान पुन्हा उभे राहायला माणसाचे आयुष्यसुद्धा पुरत नाही.

मला यातून एक गोष्ट कळली. नदी म्हणजे नुसतं पाणी नव्हे. काठ, झाडे, गोटे आणि पाणी मिळून नदी होते.

सांगा पाहू :
१) सॅल्मनची अंडी गाळाने का मरतात?
२) आपल्या ओढ्याच्या काठावर किती झाडे उरली आहेत? शनिवारी शाळा सुटली की मोजायला चला.