श्वासाचे राखणदार

आपल्या शरीराच्या सर्व व्यापारांत श्वासोच्छ्वासाइतका अबोल व्यापार दुसरा नसेल. मिनिटाला पंधरा या हिशेबाने माणूस दिवसाकाठी एकवीस हजारांहून अधिक श्वास घेतो आणि त्यांपैकी एकाचीही आठवण ठेवत नाही. हा व्यापार अडू लागला, की त्याचा जमाखर्च दुसऱ्या कोणाला तरी सांभाळावा लागतो. तो सांभाळणाऱ्याला ‘रेस्पिरेटरी थेरपिस्ट’ म्हणतात. मराठीत आपण श्वसनोपचारतज्ज्ञ म्हणू. माझी आतेबहीण एका मोठ्या रुग्णालयात हे काम करते. मी कलाशाखेचा विद्यार्थी. वैद्यकातला माझा अधिकार शून्य. तरीही ताईशी वेळोवेळी झालेले बोलणे आणि थोडेफार वाचन यांतून जे उमगले, ते येथे मांडण्याचे धाडस करतो.

या व्यवसायाची खरी शिकवण कळण्यासाठी डेन्मार्कमधील एक प्रसंग पाहिला पाहिजे. १९५२ च्या उन्हाळ्यात कोपनहेगन शहरात पोलिओची भयंकर साथ आली. श्वसनाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण ब्लेगडॅम रुग्णालयात येऊ लागले. १९२८ साली अमेरिकेत तयार झालेले ‘लोखंडी फुफ्फुस’ तेव्हा माहीत होते. रुग्णाला मानेपर्यंत पेटीत ठेवायचे आणि पेटीतील हवेचा दाब कमीजास्त करून छाती हलवायची, अशी ती युक्ती. पण त्या रुग्णालयात अशी पेटी एकच होती आणि छातीवर बसवायची लहान यंत्रे सहा. पहिल्या तीन आठवड्यांत यंत्रावर ठेवलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले.

येथे एका आकड्याने सर्वांना चकवले होते. रुग्णांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइडचे एकूण प्रमाण वाढलेले दिसे. त्यावरून रक्त अल्कधर्मी झाले आहे, असा अर्थ लावला जाई. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने तोच आकडा निराळा वाचला. त्याचे म्हणणे असे, की श्वास अपुरा पडल्यामुळे हा वायू बाहेरच जात नाही आणि रुग्ण आतल्या आत गुदमरतो आहे. २७ ऑगस्ट रोजी बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छिद्र पाडून नळी बसवण्यात आली, आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिच्या फुफ्फुसांत हवा भरण्यात आली. मुलगी वाचली.

पण पिशव्या दाबणार कोण? वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना बोलावणे गेले. सुमारे १,५०० विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून एकूण १,६५,००० तास हे काम केले. सरासरी काढली तर प्रत्येकाच्या वाट्याला एकशे दहा तास येतात. साथीचा जोर असताना एकाच वेळी सत्तर रुग्णांचा श्वास असा माणसांच्या हातांवर चालला होता. मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. पुढच्याच वर्षी इब्सेनने त्या शहरात अतिदक्षता विभाग उभा केला. आजच्या अतिदक्षता विभागांची परंपरा तेथपर्यंत नेतात.

तिकडे अमेरिकेत रुग्णांच्या खाटांपर्यंत ऑक्सिजनची नळकांडी ओढून नेणारे मदतनीस होते. १९४६ साली शिकागोत या कामात रस असणारे डॉक्टर, परिचारिका व तंत्रज्ञ यांनी संघटना बांधली आणि त्यातून हळूहळू शिक्षण, परीक्षा व प्रतिष्ठा असलेला व्यवसाय उभा राहिला. कॅलिफोर्नियात १९८२ साली परवान्याचा कायदा झाला. नळकांडे ओढणारा मदतनीस ते परवानाधारक तज्ज्ञ, ही वाटचाल श्रमप्रतिष्ठेवर भाषणे करणाऱ्या आपणां सर्वांना विचार करायला लावणारी आहे.

आता या कामाचे स्वरूप पाहू. कृत्रिम श्वसनयंत्र म्हणजे कळ दाबली की चालणारा पंखा नव्हे. प्रत्येक श्वासात किती हवा द्यायची, हेच पाहा. फुफ्फुसांचा आकार उंचीवर ठरतो; माणूस लठ्ठ झाला म्हणून त्याची फुफ्फुसे मोठी होत नाहीत. म्हणून आधी उंचीवरून अपेक्षित वजन काढतात. १६५ सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाचे ते साधारण साडेएकसष्ट किलो येते, मग प्रत्यक्षात तो नव्वद किलोचा का असेना. फुफ्फुसे गंभीर सुजलेल्या रुग्णाला या वजनाच्या किलोमागे बारा मिलिलिटरऐवजी सहाच मिलिलिटर हवा दिली, तर मृत्यूचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर येते, असे अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासाने २००० साली दाखवले. जास्त हवा म्हणजे जास्त जीवन, हा आपला भाबडा समज येथे खोटा ठरतो.

याखेरीज नळीतला कफ ओढून काढणे, नळीच्या टोकाच्या फुग्याचा दाब तपासणे, धमनीतील रक्ताच्या तपासणीचा अर्थ लावणे, दमेकऱ्याला औषधाचा फवारा नीट ओढायला शिकवणे अशी कामे दिवसभर चालू असतात. आणि सर्वांत नाजूक काम म्हणजे यंत्र सोडवणे. रुग्णाला अर्धा तास ते दोन तास स्वतःच्या बळावर श्वास घेऊ देऊन त्याच्याकडे पाहत राहायचे. उशीर केला तर संसर्गाचे भय आणि स्नायू दुबळे पडतात. घाई केली तर नळी पुन्हा घालावी लागते.

नळी स्वरतंतूंच्या मधून जात असल्याने रुग्णाला बोलता येत नाही. त्याचे बोलणे त्याच्या नाकपुड्यांत, मानेच्या ताणलेल्या स्नायूंत आणि डोळ्यांत वाचावे लागते. ताई एकदा म्हणाली, “अरे, बोटावरचा चिमटा सत्त्याण्णव दाखवतो, पेशंट डोळे मिटून पडलेला असतो, आणि घरचे म्हणतात, आता जरा शांत झोप लागली. मला त्याच झोपेची भीती वाटते.” कारण तो चिमटा फक्त ऑक्सिजन सांगतो. ऑक्सिजन भरपूर चालू असेल तर आकडा उत्तम राहतो. पण श्वास थकलेला असेल, तर कार्बन डायऑक्साइड साचत जाऊन रुग्ण गुंगीत जातो. सत्तर वर्षांपूर्वी कोपनहेगनमध्ये आकड्याने जे झाकले, तेच तो आजही झाकू शकतो.

या व्यवसायाची दुःखेही आहेत. अलार्म सतत वाजत असतात. त्यांतले कित्येक निरर्थक असतात आणि म्हणूनच खऱ्याकडे कान बधिर होण्याचा धोका असतो. रुग्णाच्या खोकल्याच्या सर्वांत जवळ याच लोकांना उभे राहावे लागते. आशा संपल्यावर, नातेवाइकांच्या संमतीने यंत्र काढण्याचा निर्णय डॉक्टर घेतात. अमेरिकेत ती नळी काढणारा हात पुष्कळदा श्वसनोपचारतज्ज्ञाचाच असतो. त्या हाताचे मन कोणी विचारत नाही.

आपल्याकडे हे काम बहुतेक ठिकाणी डॉक्टर आणि परिचारिका आपल्या इतर कामांतून सांभाळतात. २०२० साली करोनाची साथ आली तेव्हा व्हेंटिलेटर किती, हा प्रश्न घरोघरी विचारला गेला. तो चालवणारे किती, हे विचारणारे थोडे. २०२१ साली संसदेने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, ही स्वागतार्ह गोष्ट होय. पण कायद्याने दर्जा मिळाला तरी मान समाजाने द्यायचा असतो, आणि ज्याचे काम काय हे ठाऊक नाही त्याला मान कोण देणार?

मित्रहो, यंत्रे विकत घेता येतात. यंत्राकडे पाठ करून माणसाकडे पाहण्याची नजर मात्र घडवावी लागते. साहित्य, इतिहास, मानसशास्त्र शिकणारे आपण याच नजरेचा अभ्यास करतो, असे आपले प्राध्यापक सांगतात. ते खरे असेल, तर ही माणसे आपल्याला परकी नव्हेत. उद्या कोणाच्या आजारपणात रुग्णालयात जाण्याची वेळ आली, तर यंत्राजवळ उभ्या असलेल्या त्या व्यक्तीला नाव विचारावे, आणि “आमच्या माणसाचा श्वास आज कसा आहे?” हेही विचारावे. उत्तर आकड्यात मिळेल. पण ते आकड्यापलीकडे पाहून दिलेले असेल.