‘डेफिशियंट’ म्हणजे नेमके काय?



माती परीक्षणाचे अहवाल बहुतेकांच्या हाती पडले आहेत. त्यात ‘लोह’ या ओळीपुढे पुष्कळांच्या कागदावर एक इंग्रजी शब्द आहे : डेफिशियंट. गट ऑफिसात एक सभासद तो कागद घेऊन आले नि म्हणाले, “साहेब, आमच्या रानात लोखंड नाही म्हणे! सगळा घोळ आहे.” प्रयोगशाळेवर विश्वास बसला नाही, म्हणून त्यांनी पिवळ्या पडलेल्या खोडव्याला युरियाची दोन पोती जादा टाकली. पैसे गेले, खोडवा पिवळा तो पिवळाच. दोष त्यांचा नव्हे. शब्द समजावून द्यायला आम्ही कमी पडलो.

आणि गंमत अशी, की या शब्दाचा मूळ अर्थच ‘कमी पडणे’ असा आहे. मूळ लॅटिन. त्याच मुळातून ‘डेफिसिट’ आला, म्हणजे अंदाजपत्रकातली तूट. डेफिशियंट म्हणजे ‘नाही’ असे नव्हे. ‘आहे, पण पाहिजे तेवढं नाही’. कमतरतेला नाव द्यायचे तर डेफिशियन्सी म्हणतात. ‘डेफिशियंट इन आयर्न’ म्हणजे लोहाच्या बाबतीत कमी. बाकीचे सगळे भरपूर असू शकते.

याचा भाऊ ‘इनसफिशियंट’. तो आपल्याला बँकेत भेटतो, चेक परत आला की. खात्यात थोडे पैसे असतातच, पण त्या चेकाला ते पुरत नाहीत. मग आहेत तेवढे द्या म्हणून भागत नाही, चेक अख्खा परत येतो.

आता ‘पाहिजे तेवढं’ म्हणजे किती? ते माप ज्याचे त्याचे निराळे. हवामान खात्याच्या हिशेबात जिल्ह्याचा पाऊस सरासरीपेक्षा २० ते ५९ टक्के कमी झाला तरच तो डेफिशियंट. १९ टक्के कमी असेल तर कागदावर ‘नॉर्मल’च, मग आपली विहीर काहीही म्हणो! ६० ते ९९ टक्के कमी झाला तर ‘लार्ज डेफिशियंट’, म्हणजे फारच कमी. मातीतल्या लोहाचे माप वेगळे. दहा लाख भाग मातीत पिकाला घेता येईल असे लोह साधारण ४.५ भागांच्या खाली असले, की हा शब्द छापला जातो. जस्ताला ही रेषा ०.६ भाग.

‘पिकाला घेता येईल असे’ या शब्दांवर बोट ठेवा. आपली काळी रानं ज्या कातळापासून झाली, त्यात लोह भरपूर आहे. पण चुनखडीच्या रानात, सामू ८ च्या वर गेला की, ते मुळांना उचलता येत नाही. कणगी भरलेली, पण तोंड लिंपलेलं. पाणी साचलं तर आणखीच वाईट. म्हणून सभासदांचं म्हणणंही खरं होतं नि प्रयोगशाळेचंही.

पान बघून ओळख पटते. नत्र कमी असेल तर आधी खालची जुनी पानं फिकी पडतात. लोह कमी असेल तर वरची कोवळी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या. पुढे पान पांढरंच पडतं. आपण केवडा म्हणतो तो हाच. त्याला युरिया काय करणार?

एकरी १० किलो फेरस सल्फेट (हिराकस) घ्यावे, १०० किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओलसर ठेवून पाच-सहा दिवस मुरवावे, मग सरीत देऊन मातीआड करावे. नुसते फेकले तर चुना तेही लिंपून टाकतो.

कागदावर लोहापुढे हा शब्द असेल तर अहवाल आणि वरचे एक पान घेऊन गट ऑफिसात या. पोतं फोडायच्या आधी या.