जिनिव्हातील प्रश्न आणि गावातील नोंद

‘संयुक्त राष्ट्रसंघ भारताला शिक्षा करू शकतो का?’ मानवी हक्कांचा धडा शिकवताना वर्गातून हा प्रश्न दरवर्षी येतो. भोर शहरातील विद्यार्थी असो अथवा वेल्ह्याच्या डोंगरातील कातकरी वस्तीवरून वसतिगृहात आलेली विद्यार्थिनी असो, प्रश्न तोच असतो. त्याचे सरळ उत्तर ‘नाही’ असे आहे. परंतु शिक्षा करता येत नाही म्हणून विचारणाही करता येत नाही, असे मात्र नव्हे. या विचारणेचा इतिहास आपल्या समाजाशी फार जवळून निगडित आहे.

१९४६ साली अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या एका संघटनेने संयुक्त राष्ट्रसंघाकडे अर्ज केल्याचे बाबासाहेबांच्या वाचनात आले. त्यांनी विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस यांना पत्र लिहून त्या अर्जाची प्रत मागितली. पुढे १० ऑक्टोबर १९५१ रोजी, मंत्रिपदाचा राजीनामा दिल्यानंतरच्या निवेदनात, त्यांनी स्वतःच नमूद केले की, अनुसूचित जातींच्या स्थितीविषयीचा एक अहवाल संयुक्त राष्ट्रसंघास सादर करण्यासाठी आपण तयार केला होता. परंतु संविधान सभेला आणि भावी संसदेला संधी द्यावी, या विचाराने तो सादर केला नाही. बाबासाहेबांच्या चरित्रातील या गोष्टीकडे आपण पुरेसे लक्ष दिलेले नाही, असे मला वाटते.

त्या काळी असा अहवाल ऐकून घेणारी पक्की व्यवस्था उभी राहिलेली नव्हती. ती नंतर करारांमधून आली. वांशिक भेदभावाच्या उच्चाटनाचा आंतरराष्ट्रीय करार १९६५ साली संमत झाला आणि भारताने १९६८ साली त्यास अनुसमर्थन दिले. करार स्वीकारणाऱ्या राष्ट्राने ठरावीक मुदतीने आपला अहवाल द्यावा, अठरा तज्ज्ञांच्या समितीने तो तपासावा, जिनिव्हा येथे शासनाच्या प्रतिनिधींना समोरासमोर प्रश्न विचारावेत आणि शेवटी आपले निष्कर्ष व शिफारशी जाहीर कराव्यात, अशी ही पद्धत आहे. समितीजवळ पोलीस नाहीत, तुरुंग नाही, दंड करण्याचा अधिकार नाही. मग प्रश्न विचारणार कशाच्या आधारे? शासनाचा अहवाल एक बाजू सांगतो. दुसरी बाजू सामाजिक संघटनांच्या पर्यायी अहवालांतून येते. हा पर्यायी अहवाल दुबळा असेल, तर समितीची विचारणाही बोथट होते.

या करारात जातीचा प्रश्न बसतो काय, यावर मोठा वाद झाला. कराराच्या पहिल्या कलमात वंश, वर्ण यांच्याबरोबर ‘डिसेंट’ म्हणजे जन्माने आलेले कुळ हा शब्द आहे. विशेष असे की, मसुदा तयार होत असताना हा शब्द सुचवला तो भारताच्याच प्रतिनिधी मंडळाने. पुढे मात्र जातिभेद हा त्या शब्दाच्या कक्षेत येत नाही, अशी भूमिका भारत शासनाने घेतली. समितीने १९९६ साली ती अमान्य केली. २००१ साली डर्बन येथील जागतिक परिषदेत दलित कार्यकर्त्यांनी हा प्रश्न जगासमोर आणला आणि २००२ साली समितीने आपल्या एकोणतिसाव्या सर्वसाधारण शिफारशीत स्पष्ट केले की, जातीवर आधारित भेदभाव या कराराच्या कक्षेत येतो.

यानंतरची तपासणी फेब्रुवारी २००७ मध्ये झाली. तिच्या पाचच महिने आधी, २९ सप्टेंबर २००६ रोजी, भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली होती. डिसेंबर २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी अस्पृश्यतेची तुलना दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदाशी केली होती. असे असताना समितीपुढे ठेवलेल्या शासकीय अहवालात जातिभेदाची माहितीच नव्हती! समितीने याची नोंद घेतली आणि शासनाची भूमिका पुन्हा अमान्य केली. अनुसूचित जाती-जमातींच्या तक्रारी पोलीस अनेकदा नीट नोंदवत नाहीत व तपासत नाहीत, १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली आरोपी सुटण्याचे प्रमाण मोठे आहे, खटले तुंबून राहिले आहेत, अशी चिंता तिने व्यक्त केली. खैरलांजी प्रकरणात पुढे आरोपींना शिक्षा झाल्या, परंतु सत्र न्यायालयाने हा कायदा लागू होत नाही असे ठरवले आणि २०१० मध्ये उच्च न्यायालयानेही तो लावला नाही, हे येथे आठवावे.

या व्यवस्थेच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. भारताचा पुढील अहवाल २०१० मध्ये देय होता. तो वर्षानुवर्षे रखडला. पीडित व्यक्तीने थेट समितीकडे तक्रार करण्याची जी तरतूद करारात आहे, ती भारताने स्वीकारलेली नाही. छळविरोधी करारावर १९९७ साली सही केली, पण अनुसमर्थन दिले नाही; त्यामुळे कोठडीतील छळाबाबत त्या कराराची समिती भारताची तपासणी करू शकत नाही. मानवी हक्क परिषदेत साधारण साडेचार वर्षांनी इतर राष्ट्रे भारताला प्रश्न विचारतात; २०२२ मध्ये ती चौथी फेरी झाली. तेथे शिफारशी बऱ्याच होतात, आणि त्यांतील कोणत्या स्वीकारायच्या हे ज्याचे त्यानेच ठरवायचे असते. २०१५ साली अत्याचार प्रतिबंधक कायदा बळकट झाला, त्याचे श्रेय मी तरी जिनिव्हापेक्षा रस्त्यावरच्या आणि न्यायालयातल्या आपल्या लढ्याला देतो.

तरीही त्या सभागृहात जे पोहोचते, ते गावातूनच जाते. पर्यायी अहवालातील प्रत्येक वाक्यामागे कोणत्या तरी पोलीस ठाण्यातील प्राथमिक माहिती अहवालाची प्रत असते, वैद्यकीय दाखला असतो, न्यायालयाचा निकाल असतो. आणि देखरेखीची एक व्यवस्था आपल्या दाराशीही आहे. अत्याचार प्रतिबंधक नियम, १९९५ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा दक्षता व संनियंत्रण समिती असते आणि तिची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा व्हावी लागते. उपविभागीय स्तरावरही अशी समिती नेमण्याची तरतूद नंतर झाली. बैठक झाली काय, किती प्रकरणे पुढे आली, पीडितांना साहाय्य मिळाले काय, हे इतिवृत्तात लिहिलेले असते. ते इतिवृत्त माहितीच्या अधिकारात मागता येते. प्राथमिक माहिती अहवालाची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. ती मागून घेऊन जपून ठेवावी लागते. आपल्या शाळेतून बाहेर पडलेले कित्येक जण आज वकील आहेत, शिक्षक आहेत, ग्रामपंचायतीत आहेत. वाडी-वस्तीवरच्या माणसाचा तो अर्ज लिहून देणे त्यांच्या हातात आहे.